वंशावळ नेटवर टाकताना: काय उघडं, काय झाकलेलं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मूळ गाव सिन्नर तालुक्यात, राहायला आता नाशिकला. त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वहीतून, तहसीलच्या अभिलेख कक्षातल्या जुन्या नोंदींतून आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून तुम्ही आठ पिढ्यांची वंशावळ जमवली. पुण्याचा पुतण्या म्हणतो, सगळं एका वंशावळीच्या साइटवर चढवू आणि लिंक भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू. आत्यांनी बजावलंय, 'माझं पहिलं लग्न त्यात दिसलं तर याद राखा.' एक चुलतभाऊ म्हणतो, जमिनीचं प्रकरण चालू असताना हे उद्योग कशाला? मग टाकावी की नाही?

टाका. फक्त पुतण्या म्हणतोय तशी नको. नाशिक परिसरातल्या घराण्यांचे कुलवृत्तांत लावून देणं आणि मोडी कागद वाचून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. या कामात मी एका गोष्टीवर अडून बसतो. गेलेल्यांची वंशावळ आणि हयात माणसांची वंशावळ या दोन वेगळ्या फायली ठेवायच्या. पहिली मोकळ्या हाताने द्या, तिच्यामुळेच तुटलेल्या शाखा सापडतात. दुसरी घरात ठेवा. तिच्यातला प्रत्येक जण स्वतःपुरतं 'हो' म्हणेपर्यंत ती घराबाहेर जाता कामा नये. वंशावळ तुम्ही जमवली असली तरी आत्यांचं आयुष्य तुमच्या मालकीचं होत नाही.

दोन फायलींतली रेघ कुठे मारायची, यावर घोळ होतो. मृत्यूची नोंद हाती असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर जन्माला ११० वर्षं उलटेपर्यंत माणूस हयात समजायचा. आपल्याकडे जन्मतारखेचा भरवसा नसतो, हे त्यात आणखी. शाळेच्या दाखल्यांवर निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून असते, कारण गुरुजींनी नाव घालताना वय अंदाजाने धरलं आणि शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. म्हणून दाखल्यावरची तारीख लिहिताना 'दाखल्यानुसार' असं लिहा आणि हयातीचा निर्णय त्या एका आकड्यावर सोडू नका. १९४७ साली पाकिस्तानातून आलेला, पुढे मुंबईला गेलेला, नंतर पत्ता नसलेला असा कोणी घराण्यात असेल, तर त्याची मुलंबाळं हयात आहेत असंच धरून चाला.

'आमच्यात लपवण्यासारखं काय आहे?' असं बरेच जण विचारतात. एकेक गोष्ट सुटी घेतली तर खरंच काही नसतं. नाव मतदार यादीत आहे, जमीन सातबाऱ्यावर आहे, आणि सातबारा आता कुणीही मोबाइलवर बघतो. पण वंशावळीत हे सगळं एकमेकांना जोडून मिळतं. आईचं माहेरचं आडनाव, पूर्ण जन्मतारीख, लग्नाची तारीख, भाऊ कुठे नोकरीला, मुलगी कुठल्या देशात. बँका ओळख पटवायला अजूनही यातलेच प्रश्न विचारतात. 'काका, मी अमक्याचा मुलगा बोलतोय, अपघात झालाय' असा फोन करणाऱ्याला नेमकी हीच माहिती लागते. वयस्कर माणूस अशा फोनला फसतो, कारण पलीकडच्याला नाती बरोबर माहीत असतात. (असा प्रकार घडलाच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवा. उशीर झाला की पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत फिरत जातात.)

याचा सगळ्यात मोठा झरा म्हणजे आपले छापील कुलवृत्तांत. पूर्वी घराण्याचं संमेलन भरायचं, स्मरणिका निघायची, दोन-चारशे प्रती घराघरांत जायच्या. त्यात सगळ्यांचे पत्ते, फोन नंबर, शिक्षण, हुद्दा, सुनांची माहेरची नावं, नातवंडांच्या जन्मतारखा असायच्या. त्या काळी ते शोभून जायचं, कारण पुस्तक कपाटाबाहेर पडत नव्हतं. आज कोणीतरी उत्साहाने तेच स्कॅन करतं आणि पीडीएफ जगभर फिरते. जुना कुलवृत्तांत चढवायचा असेल तर हयात पिढ्यांची पानं काढूनच चढवा. 'छापलेलंच होतं की' हे कारण मला पटत नाही. दोनशे ओळखीच्या घरांसाठी दिलेली परवानगी सगळ्या जगाला लागू पडत नाही.

आता कागदपत्रांबद्दल. इथे मी जरा लांबेन, कारण नावांची यादी करताना माणूस सावध असतो आणि पुरावा दाखवताना बेसावध. गाव नमुना नंबर १४, म्हणजे आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो ते जन्म-मृत्यूचं रजिस्टर, त्याच्या एका पानाचा फोटो तुम्ही टाकता तेव्हा तुमच्या पणजोबांची एकच ओळ दाखवायची असते. पानावर मात्र गावातल्या आणखी पंधरा-वीस घरांच्या ओळी असतात. जात असते. त्या काळच्या कारकुनाने वापरलेला, आज ऐकवत नाही असा जातीचा उल्लेख असतो. मृत्यूचं कारणही असतं. तुमच्या घरात १९१८ साली तापाने तिघं गेली असतील, तर ती इन्फ्लुएंझाची साथ होती आणि ते खुशाल लिहा, घराण्याचा इतिहासच आहे तो. खालच्या ओळीतल्या घराचं काय लिहिलंय, ते मात्र त्या घराने ठरवावं. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात तर मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण द्यायचं नाही असंच कलम आहे. सरकार जे दाखल्यावर देत नाही ते आपण शेजाऱ्यांबद्दल का द्यावं?

म्हणून पानाचा फोटो कापून फक्त आपली ओळ ठेवा. रजिस्टरचं वर्ष, गाव आणि पान क्रमांक शेजारी टाईप करा. अभ्यासकाला तेवढं पुरतं, तो मूळ रजिस्टर गाठेल. नाव झाकायला मोबाइलमधलं हायलायटरसारखं काळं पेन वापरू नका, उजेड वाढवला की खालची अक्षरं दिसतात. पीडीएफवर नुसती काळी पट्टी ठेवली तर खालचा मजकूर कॉपी करता येतो. आधी नको तो भाग कापा, मग त्याचं नवं चित्र करा. जुन्या नाशकातल्या वाड्याचा आजचा फोटो मोबाइलने काढला असेल तर त्याच्या पोटात जागेचे अक्षांश-रेखांश बसलेले असू शकतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ते गळून पडतात, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तसेच जातात. आणि ग्रुपवर कोणी 'नावाचं स्पेलिंग बघा' म्हणून आधार कार्डाचा फोटो टाकला तर त्याला त्याच क्षणी काढायला लावा.

कुणबी नोंदींमुळे ही सगळी गोष्ट आपल्या जिल्ह्यात वेगळ्याच वळणाला गेली आहे. मराठा समाजातल्या घरांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, जुनी रजिस्टरं शोधली गेली, मोडी जाणणाऱ्यांना एकदम मागणी आली, आणि सापडलेल्या नोंदी स्कॅन होऊन सरकारी संकेतस्थळांवर आल्या. ज्यांनी आयुष्यात कधी खापरपणजोबांचं नाव विचारलं नव्हतं ते तलाठ्याकडे खेटे घालू लागले. चांगलंच झालं. पण त्यामुळे वंशावळीला बाजारभाव आला. इतर मागास वर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि तो पुरावा जुन्या नोंदीपासून अर्जदारापर्यंत आणून जोडते ती वंशावळ. तुमच्याकडे जुनी नोंद आणि तिथून खाली आलेली पूर्ण फांदी असेल, ती नेटवर उघडी असेल, तर त्याच गावातला, त्याच आडनावाचा कोणीतरी आपल्या आजोबांना तुमच्या पणजोबांचा सख्खा भाऊ करून टाकू शकतो. त्याचं प्रकरण जात पडताळणीला गेलं आणि दक्षता पथक चौकशीला निघालं, की उत्तरं तुम्हाला द्यावी लागतात. शिवाय तुमच्याच घरातल्या कोणी प्रतिज्ञापत्रावर वंशावळ दिलेली असेल आणि नेटवरच्या वंशावळीत दोन नावं पुढेमागे असतील, तर तो फरकही कोणीतरी बोट ठेवून दाखवील. तेव्हा आधी घरातली दिलेली प्रतिज्ञापत्रं मागवा आणि ताडून पाहा. फरक असेल तर खरं काय ते शोधा. नेटवर जाणं तोवर थांबू द्या.

हे वाचून सगळंच कुलूपबंद करावंसं वाटेल. तसं करू नका. पाच पिढ्यांपूर्वीची माहिती दडवून ठेवणारी घराणीही मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यामुळे खऱ्या भाऊबंदांची अडवणूक होते. विचारायला आलेल्याला नोंदीचा संदर्भ द्या: गाव, साल, रजिस्टर, ओळ. त्याची फांदी तुमच्या झाडाला कुठे लागते ते मात्र त्याला त्याच्या पुराव्याने दाखवू द्या.

चुलतभावाची जमिनीची भीती अगदीच पोकळ नाही. समृद्धी महामार्ग इगतपुरी-सिन्नरातून गेला, भाव वाढले, आणि बिनवाटपाच्या सामाईक गटात वारस कोण कोण हे शोधत फिरणारे दलाल वाढले. वारसांची तयार यादी त्यांना आयती मिळते. त्यामुळे गट नंबर, हिश्शाची मापं, वाटणीपत्रं, कोर्टातले दावे हे सगळं वंशावळीतून बाहेर काढा. ते वेगळ्या फायलीत ठेवा, त्याचा कुलवृत्तांताशी संबंध नाही.

पण हाच चुलतभाऊ पुढे म्हणेल, 'मग मुलींची नावं कशाला, खासगीच राहू देत त्यांची.' इथे सावध व्हा. जुन्या वंशावळींत लेकी गाळलेल्याच असतात, सुना 'सौ.' इतक्यावर संपतात. हिंदू वारसा कायद्यातल्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच हक्कदार झाली आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वडील त्या तारखेला हयात असण्याची अटही लागत नाही हे स्पष्ट केलं. तेव्हापासून लेकीचं नाव गाळण्यात निव्वळ जुनी सवय आहे असं समजायला मी तयार नाही. खासगीपण राखायचं तर मुलगा-मुलगी दोघांचं सारखं राखा. हयात पिढीत तिथे 'तीन अपत्ये, हयात' एवढंच लिहा. मुलगे नावानिशी आणि मुली कोऱ्या, असं झाड माझ्याकडे आलं तर मी ते परत पाठवतो.

आत्यांचं काय? त्या हयात आहेत, त्यांनी नको म्हटलं, विषय संपला. पण एक पथ्य पाळा. ती जागा रिकामी सोडा, तिथे खोटं काही भरू नका. दुसऱ्या लग्नाची तारीख ओढून मागे नेणं, पहिल्या लग्नातलं मूल दुसऱ्याच्या नावावर चढवणं, असे प्रकार लोक 'घराची अब्रू' म्हणून करतात आणि दोन पिढ्यांनी नातवंडं त्या खोट्यावर कागद काढायला जाऊन अडकतात. घरच्या फायलीत खरं ते लिहा, 'आत्यांच्या इच्छेने बाहेर द्यायचं नाही' असा शेरा मारा आणि खाली तारीख टाका. त्यांच्या पश्चात निर्णय त्यांच्या मुलांचा. पुतण्याचा नाही.

दत्तकाबद्दल लोक सरसकट एकच नियम लावतात, ते बरोबर नाही. इनाम-वतनाच्या घराण्यांत पुतण्याला किंवा भाच्याला दत्तक घेतल्याचे दस्त आहेत, समारंभ झाले, गावजेवणं झाली. ते लपवलं तर वंशावळच चुकते. संस्थेतून आणलेलं मूल ही पूर्ण वेगळी गोष्ट. त्या मुलाला स्वतःला माहीत आहे का, हेही तुम्हाला ठाऊक नसतं. तिथे ते मूल त्या आईबापांचं, एवढंच लिहायचं आणि शेजारी कसलीही खूण करायची नाही. बारीक चांदणीसुद्धा नाही, कारण खाली तळटीप नसली तरी माणसं चांदणीचा अर्थ लावतात. आत्महत्या, वेडाचा आजार, तुरुंगवास यांबाबत माझा कल असा की, ज्याच्या डोळ्यांदेखत ते घडलं असा एकही माणूस हयात असेल तोवर बाहेर लिहू नये. विमुक्त जमातींतल्या घरांचे जुने कागद बरेचदा पोलिसांच्या रजिस्टरांतूनच मिळतात, कारण १९५२ पर्यंत कायद्यानेच त्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं. ते कागद जगासमोर मांडायचे की नाहीत, हे त्या घराने ठरवायचं. बाहेरच्या अभ्यासकाने नाही, मीही त्यात आलो.

साइटींचं थोडक्यात. फॅमिलीसर्चवर गेलेल्यांचं एकच सामाईक झाड असतं, त्यात खातं असलेला कोणीही बदल करू शकतो. हयात माणसं इतरांना दिसत नाहीत, पण 'हयात' की 'मृत' ही खूण तुम्हीच करायची असते. पुतण्याने घाईत ती चुकीची केली तर काकू जगाला दिसतात. जेनीवरही झाड सामाईक आहे. स्वतःचं वेगळं झाड ठेवता येणाऱ्या साइटी आहेत, त्यांत सुरुवातीलाच 'खासगी' निवडा. एका साइटवरून दुसरीकडे न्यायला जी गेडकॉम फाइल निघते तिच्यात तुमच्या टिपाही जातात. 'हयात वगळा' हा पर्याय असतो, तो निवडल्यावरही फाइल साध्या मजकुराच्या रूपात उघडून नजर टाका. मोठ्या कंपनीकडे दिलं म्हणजे सुरक्षित, असंही नाही. मायहेरिटेजच्या ९ कोटींहून जास्त खात्यांचे ईमेल २०१८ मध्ये बाहेर सापडले होते. गूगल शीटवर वंशावळ ठेवली असेल तर आत्ताच शेअरिंग बघा. 'लिंक असलेला कोणीही' असं असेल आणि वर 'संपादक' असेल, तर ग्रुपवरचा कोणीही नाव खोडू शकतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये १०२४ पर्यंत माणसं मावतात. त्याला 'घरचा ग्रुप' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अमेरिकेतला भाचा डीएनए चाचणीची डबी पाठवीलच. थुंकी एकाची असते, पण माहिती सगळ्या रक्ताच्या नात्याची जाते. २३अँडमी या कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय त्या फंदात पडू नका.

उपाध्यांच्या वहीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. त्र्यंबकला काय किंवा रामकुंडावर काय, या वह्या पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात सांभाळलेल्या असतात. तुमच्या आजोबांनी तिथे स्वतःच्या हाताने नावं लिहिली ती त्या घरावरच्या विश्वासाने. एकाच पानावर तुमच्या गावातली इतर घरंही असतात. गुपचूप फोटो काढू नका. विचारून आपल्या नोंदीचा घ्या आणि 'हा नेटवर दिला तर चालेल का' हा प्रश्न वेगळा विचारा, कारण फोटोला हो म्हणणारे गुरुजी त्याला नाही म्हणू शकतात. हरिद्वारसारख्या क्षेत्रांतल्या वह्यांची मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या युटाच्या संस्थेने काढली आहे, हे खरं. पण तेही त्या त्या पंड्यांनी वह्या उघडून दिल्या म्हणूनच झालं. २०२७ च्या सिंहस्थाच्या गर्दीत त्यांना तुमच्यासाठी वेळ मिळणार नाही. तिथून काही पडताळायचं राहिलं असेल तर त्याआधी उरकून घ्या.

कायद्याचं म्हणाल तर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा त्यानंतर आला. माणसाने स्वतःच्या वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी ठेवलेल्या माहितीला तो कायदा लागू होत नाही. त्यामुळे घरच्या वहीबद्दल घाबरायचं कारण नाही. पण साऱ्या जगाला उघडी असलेली वंशावळ 'घरगुती' म्हणता येईल का? त्यावर मी पैज लावणार नाही. याच कायद्यात १८ वर्षांखालचे ते मूल आहे. तेच वय धरून चाला आणि लहान मुलांची नावं, फोटो, शाळा काहीही बाहेर देऊ नका, त्यांच्या आईबापांनी कौतुकाने पाठवलं असलं तरी.

पुतण्याला सध्या एवढंच द्या: गेलेल्यांची फाइल, त्यात ज्यांच्या मृत्यूची नोंद आहे त्यांचीच नावं, पूर्ण तारखांऐवजी वर्षं, आणि प्रत्येक नोंदीचा संदर्भ. हयात शाखेच्या जागी आडनाव, मूळ गाव आणि तुमचा एक वेगळा ईमेल. तुटलेल्या शाखेला तुमच्यापर्यंत यायला तेवढं पुरतं. हयात माणसांना ग्रुपवर न विचारता एकेकाला वेगळं विचारा, कारण ग्रुपवर नाही म्हणायला लोक संकोचतात. मी हा मजकूर वापरतो, हवा तर उचला:

'नमस्कार. आपल्या घराण्याची वंशावळ छापील आणि इंटरनेटवर करत आहोत. आपलं नाव, जन्मवर्ष आणि आईवडिलांची नावं यांपैकी काय द्यायला चालेल ते कळवावं. काहीच नको असेल तर तसं सांगावं, कारण विचारणार नाही. दिलेली माहिती पुढे केव्हाही काढून टाकता येईल. उत्तर आलं नाही तर आपली जागा "हयात" एवढ्यावरच ठेवू.'

आत्यांना हा निरोप मोबाइलवर पाठवू नका. घरी जाऊन बोला, आणि निघण्याआधी त्यांना त्यांच्या आजीचं माहेर विचारून घ्या. आठ पिढ्यांच्या वंशावळीत ती जागा बहुधा कोरी असेल.